संमती, पहिल्या बायकोची

मी पुस्तकांच्या सूची करते. पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरांत जी पानं असतात, कुठला माणूस आणि कुठला विषय कोणत्या पानावर आहे ते सांगणारी, ती कुणीतरी बसून केलेली असतात हे बहुतेकांच्या गावीही नसतं. माझ्या सासूबाईंना वाटायचं, हे सगळं कम्प्युटर करतो. कम्प्युटर नुसतं नाव शोधतो. एखाद्या पानावर एका बाईचं नाव कुठेच नाही आणि तरी सगळं पान तिच्याबद्दल आहे, हे त्याला कळत नाही. ते कळावं म्हणून मला ठेवलं होतं.

आमचं ऑफिस सिंगापूरला, तांजोंग पगार भागात, एका जुन्या शॉपहाउसच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली कोरियन बार्बेक्यूचं दुकान. दुपारनंतर आमच्या कपड्यांना, केसांना, कागदांना भाजल्या मांसाचा वास यायचा. आम्ही चौघी होतो. अमेरिकेतल्या विद्यापीठांची जाडजूड पुस्तकं आमच्याकडे यायची आणि आम्ही त्यांच्या सूची करून पाठवायचो. मी डिपेंडंट्स पासवर होते, म्हणजे माझा पास नवऱ्याच्या एम्प्लॉयमेंट पासला बांधलेला. त्याची नोकरी आहे तोवर माझं इथलं राहणं आणि माझं काम. आमच्या ओळखीतल्या निम्म्या मराठी बायका अशाच बांधलेल्या होत्या. त्यात कुणाला काही वाटत नसे आणि मलाही वाटत नव्हतं.

२०१४ साली चायनीज न्यू इयरची सुट्टी संपली आणि माझ्या टेबलावर मॉर्मन बायकांचं पुस्तक आलं. मॉर्मन म्हणजे मला फक्त ती गोरी पोरं माहीत होती, पांढरे शर्ट घातलेली, हौगांग स्टेशनबाहेर दोघं-दोघं मिळून उभी राहणारी आणि फार अदबीने बोलणारी. पुस्तक त्यांच्या पंथाच्या सुरुवातीच्या काळाबद्दल होतं. पंथाच्या संस्थापकाने, ज्याला ते प्रेषित मानतात, सांगितलं की पुरुषाने अनेक बायका कराव्यात अशी देवाची आज्ञा झाली आहे. आधी हे गुपचूप, मोजक्या माणसांना सांगितलं. मग त्यावरून घराघरांत बायकांनी काय केलं, काय बोलल्या, काय गिळलं, ते सगळं त्या पुस्तकात होतं. मला विषयाचं काही सोयरसुतक नव्हतं. त्याआधी मी मलेरियाच्या डासांची सूची केली होती.

त्याच आठवड्यातल्या रविवारी सकाळी मी मेथी निवडत बसले होते. नवरा समोर येऊन बसला. तो रॅफल्स प्लेसला एका बँकेत आयटी मॅनेजर होता आणि घरीसुद्धा मीटिंगच्या आवाजात बोलायचा. म्हणाला, "मला तुझ्याशी प्रामाणिक राहायचंय."

त्याच्या ऑफिसात एक बाई होती, नाशिकची, घटस्फोट झालेली. तिच्यात तो गुंतला होता. त्याला मला सोडायचं नव्हतं. हे घर, मुलगी, दिवाळी, पुण्याच्या फेऱ्या, सगळं आहे तसंच राहील. फक्त आठवड्यातले तीन दिवस तो तिच्याकडे राहील.

"मी तिला काही शब्द दिलेला नाही," तो म्हणाला. "तू हो म्हणालीस तरच. नाही म्हणालीस तर विषय संपला, मी तिला तसं सांगेन. सगळं तुझ्या हातात आहे."

मी विचारलं, "कुठले तीन दिवस?"

"गुरुवार ते शनिवार."

म्हणजे वारही ठरलेले होते. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी म्हटलं, मला थोडे दिवस दे. तो हो म्हणाला आणि आंघोळीला गेला. मी मेथीची जुडी पूर्ण निवडली, काड्या कचऱ्यात टाकल्या, पानं तीन पाण्यांतून काढली. मला काही वाटत नव्हतं. डेंटिस्टने इंजेक्शन दिल्यावर आपण गालाला हात लावून बघतो ना, आहे की नाही म्हणून, तसं मी स्वतःला दिवसभर चाचपून बघत होते. रडू आलं नाही. संध्याकाळी ठेपले केले आणि मी चार खाल्ले.

सूचीचे काही नियम असतात. माणसाची नोंद आडनावाखाली करायची. बाईने लग्नाने नाव बदललं असेल तर वाचक जिथे शोधेल तिथे तिला ठेवायचं आणि दुसऱ्या नावाखाली "पाहा" लिहून तिकडे पाठवायचं. या पुस्तकात हे सगळे नियम कोलमडले. एका बाईचं एकदा एका नवऱ्याशी लग्न, तो जिवंत असतानाच प्रेषिताशी दुसरं, प्रेषित गेल्यावर पंथाच्या दुसऱ्या पुढाऱ्याशी तिसरं. तिला ठेवायचं कुठे? प्रेषिताच्या नोंदीत "बायका" या शब्दापुढे इतके पानांचे आकडे झाले की आमच्या नियमाप्रमाणे मला त्याचे तुकडे पाडायला लागले. बायका, कायदेशीर. बायका, गुप्त. बायका, ज्यांच्याबद्दल मतभेद आहेत. मी हे सगळं चहा पीत, पाय हलवत करत होते.

त्या गर्दीत मला एकच बाई नीट ओळखू यायला लागली, ती म्हणजे त्याची पहिली बायको. तिने पंथातल्या बायकांची एक संस्था चालवली होती, तिची ती अध्यक्ष. गरिबांना कपडे शिवून देणं, आजाऱ्यांकडे बघणं आणि गावात नीतीची राखण करणं. त्या सभांमध्ये ती उभी राहून बजावायची की कुणी पुरुष गुप्त लग्नाच्या गोष्टी घेऊन आला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मग तो कितीही मोठा असो. समोर बाकांवर बसलेल्या बायकांपैकी काही जणींचं तिच्याच नवऱ्याशी गुप्त लग्न झालेलं होतं. सभेचं इतिवृत्त लिहून घेणारी चिटणीसही त्यांतलीच. तिने अध्यक्षीणबाईंचं बोलणं नीट, सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं.

पुढे देवाची ती आज्ञा कागदावर उतरली. तिच्यात एक कलम होतं, की दुसरी बायको करायची असेल तर पहिलीला विचारायला हवं. आणि पहिली नाही म्हणाली तर? तर पुरुषाला विचारायची गरज नाही, तो मोकळा. हे वाचून मी हसले. शेजारच्या टेबलावरच्या तमिळ मुलीने विचारलं काय झालं, तर मी तिला ते कलम वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग विचारायचंच कशाला?" मी नोंद केली, "संमती, पहिल्या पत्नीची", आणि पुढे पानांचे आकडे टाकले.

माझं तसं नव्हतं, असं मला वाटत होतं. माझ्या नवऱ्याकडे देवाचा कागद नव्हता. मी नाही म्हटलं तर तो थांबणार होता, त्याने तसं तोंडाने सांगितलं होतं. त्या पुस्तकातल्या बायकांची मला वरून, जराशा तोऱ्यात कीव यायची.

मार्चमध्ये सासूबाई पुण्याहून आल्या, तीन महिन्यांसाठी. त्यांना सगळं माहीत होतं. तो म्हणाला, फोनवर सांगितलं. सासूबाई माझ्याशी कधी वाईट वागल्या नाहीत, हे आधी लिहायला हवं. मी पहाटे उठायचे म्हणून त्या माझ्या आधी उठून चहा ठेवायच्या. या वेळी आल्या त्या दुसऱ्याच दिवशी माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "अगं, तुझ्या शब्दाबाहेर तो नाही. तू म्हणशील तसंच होईल. पण पहिलीचा मान तो पहिलीचा, तो कुणी काढून घेत नाही. घर मोडणं सोपं असतं गं."

"तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"आमच्या वेळी कोण विचारत होतं?" त्या म्हणाल्या. "तुला निदान विचारलं तरी."

हे वाक्य माझ्या मनात बसलं. मला विचारलं होतं. त्या पुस्तकातल्या बाईला नीट विचारलं नाही, सासूबाईंच्या पिढीला विचारलं नाही, मला विचारलं. आता लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण तेव्हा मला त्याचा चक्क अभिमान वाटला. बाकी हिशेब साधाच होता. नाही म्हटलं आणि तो थांबला, तरी घरात एक धुमसणारा माणूस. सोडून गेले तर पास जाणार, काम जाणार, मुलगी सेकंडरी टूला, म्हणजे आपल्या आठवीला, तिला उचलून पुण्याच्या कुठल्या शाळेत घालायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एका बुधवारी जेवताना, सासूबाई समोर असताना, मी म्हटलं, "माझी हरकत नाही."

नवऱ्याने मान खाली घातली. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मला आणखी भात वाढला.

मग त्यांनीच काढलं की हे रीतसर व्हायला हवं, चोरासारखं नको. त्या बाईला एका शनिवारी घरी बोलावलं. लिटिल इंडियातून नारळ, खण, हळद-कुंकू आणलं, आणलं म्हणजे मीच ऑफिसातून येताना आणलं. सासूबाईंनी पाट मांडला. मी त्या बाईला कुंकू लावलं, तिची ओटी भरली. ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान असेल. सावळी, चांगल्या चेहऱ्याची, हात थंडगार. "ताई, तुमचे उपकार," एवढंच म्हणाली आणि माझ्या पाया पडली. मी म्हटलं, असू दे. नवरा आतल्या खोलीत मुलीचं गणित घेत बसला होता. नंतर सासूबाईंनी सगळ्यांना चहा केला, तिला बिनसाखरेचा. ती गेल्यावर मी पाट उचलून ठेवला, सांडलेले तांदूळ झाडले. माझी पाठ दुखत होती, एवढंच आठवतं.

गुरुवार ते शनिवार घर रिकामं व्हायचं. खरं सांगायचं तर कामाच्या दृष्टीने ते बरं होतं. मुलगी कानात इअरफोन घालून अभ्यास करायची, सासूबाई पोथी वाचायच्या आणि मी सूचीचे तक्ते तपासायचे. मला वाटायचं, एक दिवस दुःख येईल. यायचं असेल तर येऊ दे. ते आलं नाही.

पुस्तकात एक चूक सापडली होती. प्रेषिताच्या घरात दोन बहिणी कामाला राहायच्या, बाप वारलेल्या, त्याच्या पहिल्या बायकोच्या हाताखाली. पुस्तकात एका प्रकरणात त्यांचं प्रेषिताशी लग्न लागतं. पुढच्या प्रकरणात, दोन-तीन महिन्यांनंतर, त्याच दोघींचं त्याच माणसाशी पुन्हा लग्न लागतं. मोठ्या लेखकांच्या पुस्तकांत असं होतं. दोन टिपणं असतात, एकच घटना दोन तारखांनी येते आणि संपादकाच्या नजरेतून सुटते. अशा चुका पकडण्यात माझा हातखंडा होता आणि मला त्याची थोडी घमेंडही होती. मी लेखिकेला विचारायचीही तसदी घेतली नाही. दोन्ही लग्नांची मिळून एकच नोंद केली, नंतरची तारीख धरली, कारण ती जास्त तपशिलात होती, आणि खाली शेरा लिहिला की आधीचा उल्लेख चुकून आलेला दिसतो, काढून टाकावा. मे महिन्यात सूची पाठवून दिली.

लेखिका म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याशा प्राध्यापिका, वयस्कर असाव्यात. त्यांचं उत्तर चार दिवसांनी आलं. मी ते दुपारी ऑफिसखालच्या गल्लीतल्या हॉकर सेंटरमध्ये, समोर फिशबॉल नूडल्स असताना, फोनवर वाचलं. त्यांनी लिहिलं होतं की चूक काही नाही, दोन्ही लग्नं झाली. पहिलं लग्न पहिल्या बायकोला न सांगता झालं. नंतर ती कशीबशी तयार झाली, पण अट घातली की बायका मी निवडणार. तिने नेमक्या याच दोघी निवडल्या, आपल्या घरातल्या, आपल्या माहितीतल्या म्हणून. आता तिला सांगणार कसं, की हे आधीच झालंय? म्हणून तिच्यासमोर पुन्हा एकदा सगळं केलं. त्या पोरी दुसऱ्यांदा नवऱ्या म्हणून उभ्या राहिल्या. दुसरं लग्न फक्त तिच्यासाठी होतं. कृपया दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवाव्यात.

मी नूडल्स संपवले. वर जाऊन दोन्ही नोंदी वेगळ्या केल्या. पान क्रमांक तपासले. मग हात कीबोर्डवर तसेच ठेवून मी बसून राहिले, आणि माझ्या डोक्यात आलं ते एवढंच, की त्या बाईचा चहा बिनसाखरेचा होता. तिला कुणी विचारलं नव्हतं. आमच्या घरात सगळे दोन चमचे साखर घेणारे. सासूबाईंनी न विचारता, न चुकता तिचा कप वेगळा केला होता.

आमच्या कामात एखाद्या माणसाबद्दल शंका आली की त्याचा पहिला उल्लेख शोधायचा असतो. बहुतेक तो आपण समजतो त्याच्या बराच आधी असतो.

घरी गेले तेव्हा सासूबाई बॅग भरत होत्या, चार दिवसांनी त्यांचं विमान होतं. हॉलमध्ये जमिनीवर साड्या, मिलोचे डबे, शेजारणींसाठी घेतलेले बाम. मी त्यांच्याजवळ बसले आणि साड्यांच्या घड्या करायला लागले. साधेपणानेच विचारलं, "आई, तिला तुम्ही पहिल्यांदा कधी भेटलात?"

त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. कदाचित कंटाळल्या असतील, कदाचित त्यांना वाटलं असेल की आता काय, सगळं पार पडलं. म्हणाल्या, "पोरीची ती परीक्षा होती बघ, तू येऊ शकली नाहीस."

मुलीची पीएसएलई, इथली सहावीची बोर्डाची परीक्षा. म्हणजे दीड वर्ष झालं होतं. तेव्हा नवरा एकटाच पुण्याला गेला होता, ऑफिसचं ट्रेनिंग म्हणून.

"घरी घेऊन आला होता?"

"देवळात," त्या म्हणाल्या. "आपल्या कुलदेवीच्या. हार घातले दोघांनी. मी नको म्हणत होते गं, पण तो ऐकेना. मग म्हटलं, निदान देवीसमोर तरी होऊ दे." त्यांनी एक साडी माझ्या हातातून घेतली, माझी घडी मोडून पुन्हा घातली. "आणि मीच त्याच्या मागे लागले. वर्षभर. म्हटलं, तिला विचार. तिला न विचारता हे असंच चालू ठेवलंस तर तिचा मान काय राहिला? तिला विचार, ती हो म्हणेल, मग आपण घरी रीतसर करू. तुझा मान राहायला हवा ना."

वरातीमागून घोडं, ते हेच. एरवी ही म्हण मी उशिरा आलेल्या प्लंबरसाठी वापरते.

त्या खरंच माझ्यासाठी झटल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला ते दिसत होतं, आणि तेच मला सहन होईना. एवढी वर्षं पहाटे माझ्यासाठी चहा ठेवणारी ही बाई माझा मान राखण्यासाठी वर्षभर मुलाशी भांडली होती, आणि त्या भांडणातून तिने मला काय मिळवून दिलं, तर एक तोंडदेखला प्रश्न. पुस्तकात पुढे एक प्रकरण होतं. तो पंथ पश्चिमेच्या वाळवंटात जाऊन वसल्यावर तिथल्या बायका हजारोंनी सभा भरवून सांगायच्या की बहुपत्नीत्व आमच्या खुशीचं आहे, सरकारने त्यात तोंड घालू नये. ते वाचताना मला कळत नव्हतं की एवढ्या शहाण्या बायका, मतदानाचा हक्क मिळवणाऱ्या, नियतकालिक काढणाऱ्या, असं का बोलतील. साड्यांच्या ढिगाऱ्यात बसून मला ते कळलं. ते कळून माझं काहीच भलं झालं नाही.

पहिली बायको मात्र तिकडे गेली नव्हती. नवरा मारला गेल्यावर ती मागेच राहिली, दुसरं लग्न केलं आणि म्हातारी होऊन मरेपर्यंत सांगत राहिली की माझ्या नवऱ्याला माझ्याशिवाय दुसरी बायको कधी नव्हतीच. सगळ्या जगाला माहीत असताना. सूचीत मी ते "नकार" या शब्दाखाली घातलं होतं.

तो शुक्रवार होता, नवरा घरी नव्हता. शनिवारी संध्याकाळी आला, बूट काढले, फ्रिजमधलं पाणी प्यायला. मुलगी खाली ट्यूशनला गेली होती. सासूबाई सोफ्यावर बसल्या होत्या. मी म्हटलं, "माझं उत्तर बदललंय. माझी हरकत आहे. मी नाही म्हणते."

त्याने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला काय कळलंय ते त्याला समजलं असावं.

"असं कसं? तू हो म्हणाली होतीस. आईसमोर."

"एक सांग," मी म्हटलं. "तेव्हा मी नाही म्हटलं असतं तर तू काय करणार होतास?"

तो विचार करायला लागला. खरोखर विचार करायला लागला, बाटली हातात धरून, कपाळाला आठ्या घालून. दीड वर्षात हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता, हे मी समोर बघत होते. आत सासूबाईंच्या फोनवर भजन लागलं होतं, त्या उठून बंद करायला गेल्या आणि तिथेच थांबल्या.

"पण तू नाही म्हणणारच नव्हतीस," तो शेवटी म्हणाला. आवाजात राग नव्हता. "आम्हाला माहीत होतं."

फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच मला काहीतरी वाटलं. शरम वाटली, कारण त्यांचं खरं होतं.